जाम बसलेलं लोखंड

जुन्या गाडीच्या तोंडासमोर उकिडवं बसलेल्या माणसांचं एक वर्तुळ असतं. देवासमध्ये आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला किंवा धारमध्ये इंदूरकडे निघालेल्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडखाली, ते सकाळी दहाच्या सुमारास जमतं. मधोमध अँबॅसडर. तिची जाळी टायरांच्या ढिगावर ठेवलेली, रेडिएटर भिंतीला टेकवलेला, पंखा उतरवलेला. आत, इंजिनाच्या अगदी खालच्या अंगाला, बशीएवढी काळी पुली आणि तिच्या मध्यभागी एक नट. बोलत कोणीच नाही. मिस्त्री नटाकडे बघतो, पोऱ्या मिस्त्रीकडे, गाडीचा मालक घड्याळाकडे. बऱ्याच वेळानं मिस्त्री हात पुसत उठतो आणि निकाल देतो, ‘भिया, ये आज नी खुलेगा.’

माळव्याबाहेरच्या माणसाला हा नकार वाटेल. ते खरं तर वेळापत्रक आहे. आता नटाभोवती घासलेट आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडलं जाईल, वर एक भिजकी चिंधी गुंडाळली जाईल, चहा येईल आणि मंडळी उद्या पुन्हा जमतील. मालक मराठी असेल तर (धार-देवासमध्ये तो असण्याची शक्यता बरीच, कारण पवारांच्या गाद्यांबरोबर आलेली घराणी अजून तिथेच आहेत) तो मनातल्या मनात मराठीत चरफडतो आणि तोंडानं माळवी हिंदीत ‘कोई बात नी’ म्हणतो.

त्या नटाचं तोंड नीट पाहिलं तर त्यावर दोन तिरप्या खाचा दिसतात. त्या हँडलसाठी. बॅटरी बसली की बंपरमधल्या भोकातून लोखंडी हँडल आत सारायचं, त्याचे दात या खाचांत अडकवायचे आणि इंजिन हातानं फिरवायचं. म्हणजे हा एकच नट पुली धरूनही ठेवणार आणि वेळेला गाडी चालू करायलाही मदत करणार. हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही, हे जुन्या ड्रायव्हरांना कोणी न सांगता माहीत असे. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून निसटून जावं, मनगट तुटू नये, एवढ्यासाठी ती पकड. आता भोक आहे, हँडल बहुतेक गाड्यांतून गायब आहे आणि नटाच्या खाचांत तीस-चाळीस वर्षांची धूळ ऑइलमध्ये कालवून घट्ट झाली आहे.

नटाच्या मागे एक पातळ वायसर असतो. त्याचा कान नटाच्या एका अंगावर दुमडून बसवलेला असतो, नट आपण होऊन सैल होऊ नये म्हणून. छन्नीनं तो कान आधी सरळ करावा लागतो. नवखा पोऱ्या हे विसरतो आणि पान्याला चार फुटी पाइप लावून, लोंबकळून, घामाघूम होतो. मिस्त्री त्याला थोडा वेळ लोंबकळू देतो. माळव्यातल्या गॅरेजांत शिक्षण असंच होतं.

पण पुली काढायचीच कशाला? कारणं साधी आहेत. एक तर तिच्या मागचं ऑइल सील गळू लागतं आणि गाडी उभी राहील तिथे थेंब पाडते. दुसरं, पुली शाफ्टवर ज्या अर्धचंद्राकृती चावीच्या जोरावर बसते, त्या चावीची खाच झिजते. मग पुली किंचित डुलू लागते आणि इंजिनातून ठकठक येते. ही ठकठक इतकी फसवी असते, की तिच्यापायी लोकांनी अख्खं इंजिन उघडल्याच्या कहाण्या प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात. आणि तिसरं कारण सर्वांत सावकाश येतं: पट्ट्याची खाच झिजून जाते.

पट्ट्याचं प्रकरण ज्यांनी पिठाची गिरणी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. रुंद चपटा पट्टा, मोठं चाक, छोटं चाक आणि सांध्याच्या जागी प्रत्येक फेऱ्याला येणारा फटका. चपट्या पट्ट्याचं चाक दिसायला सपाट वाटतं, पण ते मधोमध किंचित फुगीर घडवलेलं असतं. पट्टा नेहमी उंच भागाकडे चढू पाहतो, म्हणून त्या फुगवट्यामुळे तो मध्यावर टिकतो. कडेला कुंपण घालण्यापेक्षा मध्ये उंचवटा करावा, ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याचं नाव कुठे नोंदलेलं दिसत नाही. मोटारीतला पट्टा मात्र चपटा नाही. तो पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. जॉन गेट्स या अमेरिकन माणसानं १९१७ साली तो आणला. हा पट्टा खाचेच्या तळावर टेकतच नाही. त्याच्या दोन्ही बाजू पुलीच्या भिंतींत रुतून बसतात आणि जितका ताण, तितकी पकड घट्ट. म्हणून पुली गेली की नाही हे ओळखायची एक खूण आहे. खाचेचा तळ काळा, मळका असेल तर ठीक. तळ चकाकू लागला, म्हणजे भिंती झिजून पट्टा खाली बसला. मग नवा पट्टा घाला नाही तर आणखी घट्ट करा, तो घसरणार आणि पावसाळ्यातल्या सकाळी अख्ख्या गल्लीला उठवणार.

घट्ट करण्याचा मोह मात्र सुटत नाही. ताण वाढवला की डायनामोचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग ओरडू लागतं, आणि ते कुठलं हे शोधायला मिस्त्री लांब पेचकसाचं टोक एकेका जागी टेकवून मूठ कानाला लावतो. चालू पंख्यापासून वीतभर अंतरावर डोळे मिटून उभा. रजब अली खाँ आणि कुमार गंधर्व हे गवई ज्या देवासमध्ये राहिले त्या गावात कानाची एवढी किंमत असावी यात नवल नाही, फक्त या कानावर ग्रीस असतं.

याच देवासमध्ये मोटारींचा कारभार एकदा एका कादंबरीकाराकडे आला होता. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून आले. त्याआधी १९१२च्या अखेरीस ते इथे पाहुणे म्हणून येऊन गेले होते. गावात तेव्हा दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांपासून चालत आलेली वाटणी होती ती आणि एकाच गावात दोन महाराज, दोन दरबार नांदत होते. फॉर्स्टर यांच्या वाट्याला कामं आली ती अशी: बागा, टेनिस कोर्ट, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर. यातल्या कशाचाही आपल्या लिहिण्यावाचण्याशी संबंध नाही, अशी खंत त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात मिश्कीलपणे नोंदवली. पुढे १९५३ साली ही पत्रं ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात छापून आली. नावातली टेकडी म्हणजे देवासची चामुंडेची टेकडी. राजवाड्यात पियानो होते आणि कोरड्या हवेनं त्यांच्या चौकटी तडकून पट्ट्या अडकून बसल्या होत्या, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मोटारींच्या नट-बोल्टांविषयी ते काही सांगत नाहीत, याची मात्र हळहळ वाटते. ‘अ पॅसेज टु इंडिया’ लिहिणाऱ्या माणसानं गॅरेजातल्या कुरबुरींवर चार पानं लिहिली असती तर ती चिरकाल वाचली गेली असती. देवासच्या उन्हात, सुटा भाग मागवायचा तर मुंबईकडे किंवा थेट विलायतेकडे तोंड करायचं, अशा काळात एखादा बोल्ट तुटला की संस्थानाचं काय होत असेल याची कल्पना करता येते.

सुट्या भागांच्या या दुष्काळात एक गुंतागुंत मापांची होती आणि ती अजून संपलेली नाही. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन इंचांच्या मापात. फियाट इटलीची, तिचं सगळं मिलिमीटरमध्ये. म्हणून जुन्या मिस्त्रीच्या पेटीत पान्यांचे दोन संच, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले. पाऊण इंच आणि एकोणीस एमएम हे जुळे भाऊ, एकाचं काम दुसरा बिनबोभाट करतो. अर्धा इंच आणि तेरा एमएम हे चुलत, थोडी ढिलाई सोसावी लागते. पण सगळ्याच मापांना असा नातलग नाही. तिथे जवळपासचा पाना चालवला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग त्याला काहीच धरत नाही. आज समोर बसलेला नट जाम झाला आहे तो बहुतेकदा गंजामुळे नाही, तर वीस वर्षांपूर्वी कोणी तरी त्याला भलत्या पान्यानं आवळला म्हणून.

या गोंधळाचं मूळ मोटारीच्याही आधीचं आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं एक प्रमाण सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ साली ६० अंशांचं वेगळं प्रमाण मांडलं. दोन्ही शहाणपणाची, पण एकमेकांत न बसणारी. दुसऱ्या महायुद्धात एका देशाच्या यंत्राला दुसऱ्या देशाचा बोल्ट लागेना, तेव्हा कुठे डोळे उघडले आणि १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एकच माप ठरवलं. तोवर जगभरच्या गॅरेजांतल्या पेट्या भरून गेल्या होत्या.

आणि मग १९९२ साली अँबॅसडरमध्ये जपानी इंजिन आलं. १८०० सीसीचं इसुझू, पाच गिअरचं. ते बनत होतं धार जिल्ह्यातल्या पीथमपूरमध्ये, हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात. गाडीची बॉडी बंगालमधल्या उत्तरपाड्याची आणि तिचं हृदय माळव्यातलं. मिस्त्रींना त्यातली गंमत लगेच कळली: एकाच गाडीत इंजिन मिलिमीटरचं आणि बाकीचं शरीर इंचांचं. बॉनेट उघडून हात आत घालताना कुठली सीमा कुठे ओलांडली, हे बोटांना ठाऊक असावं लागे. उत्तरपाड्यातलं अँबॅसडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं. धार जिल्ह्यातल्या इंजिनाच्या गाड्या अजून कुठे कुठे चालताना दिसतात, आणि त्यांचे चालक गिअर टाकतानाच्या आवाजावरून ‘ये इसुझू है’ हे अभिमानानं सांगतात.

पीथमपूर हे नाव मराठी वाचकाला आणखी एका रस्त्यानं ओळखीचं आहे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर इथे बनली. बिनगिअरची, बटणानं सुरू होणारी ती स्कूटर ऐंशीच्या दशकात आली आणि कित्येक घरांतल्या बायका पहिल्यांदा स्वतःच्या वाहनावर बसल्या त्या तिच्यावर. तिच्या पोटात जी करामत होती ती पुलीचीच. दोन अर्ध्या तबकड्या वेग वाढेल तशा एकमेकींच्या जवळ येतात, त्यांच्यामधला पट्टा वर सरकतो, पुलीचा व्यास चालता चालता बदलतो आणि गिअरचं काम आपोआप होतं. झिजली की ही पुलीसुद्धा काढावी लागते, आणि तिच्या नटाशी पुन्हा तीच झटापट. आता त्याच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा चाचणीमार्ग आहे, ११.३ किलोमीटर लांबीचा, २०२१च्या जूनमध्ये सुरू झालेला. तिथे गाड्या इतक्या वेगानं फिरतात की पाहणाऱ्याची मान दुखावी. तिथून धार गाव काही लांब नाही, पण धारच्या शेडखाली पाठीवर निजलेल्या माणसाला त्या वेगाचं काही देणंघेणं नाही. त्याला नटाचा एक अष्टमांश फेरा हवा आहे.

तो फेरा का मिळत नाही याची कारणं डोळ्यांना न दिसणारी आहेत. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग नुसत्या घर्षणात खर्च होतो, नटाच्या तळाशी आणि आट्यांमध्ये. उरलेल्या दहा टक्क्यांनी बोल्ट किंचित लांबतो, केसभराहूनही कमी. हे ताणलं जाणंच दोन भागांना एकमेकांशी दाबून धरतं. म्हणजे प्रत्येक आवळलेला बोल्ट ही आतल्या आत ताणलेली स्प्रिंग असते. गंज चढला की त्या नव्वद टक्क्यांचे हिशेब बिघडतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो. आट्यांमधल्या इवल्याशा फटीत ती जागा असते कुठे? मग तो दोन्हीकडून दाबून बसतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे सर्रास घडतं, माळव्यात हवा कोरडी म्हणून कमी. माळव्यातलं संकट निराळं आहे. काळ्या मातीची बारीक धूळ गळक्या ऑइलमध्ये मिसळते, इंजिनाच्या उष्णतेनं भाजते, थंडीत आक्रसते, पुन्हा भाजते. वर्षानुवर्षं. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमचं हेड आणि पोलादी बोल्ट एकत्र आले. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि पाणी शिरलं तर दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तिथे मिस्त्री सरळ हात जोडतो.

अँबॅसडरच्या नटाला मात्र हात जोडून भागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी सोडली जाते. पहिली गोष्ट, नट उलटा न फिरवता आधी थोडा आणखी आवळायचा. बघणाऱ्याला हे वेडेपण वाटतं, पण गंजाची पकड कुठल्याही दिशेनं मोडली तरी मोडते, आणि आवळण्याच्या दिशेला आटे तुटायची भीती कमी असते कारण जोर अगदी थोडा लावायचा असतो. मग पान्याच्या दांड्यावर हातोड्याचे आखूड, कोरडे घाव. सावकाश ओढलेल्या जोरापेक्षा झटका बरा. सावकाश ओढताना सगळा ताण बोल्टच्या मानेवर जातो, झटक्यात गंजाला तडा जातो. या घावांचा आवाज आधी मंद असतो. एका क्षणी तो बदलतो, पण बदलला हे ज्याला कळतं त्यालाच कळतं.

याने भागलं नाही तर गॅसची ज्योत. नट तापतो, फुगतो, मागचा शाफ्ट अजून थंड असतो, तेवढ्या फरकावर डाव मारायचा. पण पुलीमागे ऑइल सील आहे, त्याचं रबर जळतं, म्हणून ज्योत धरणारा हात अनुभवी हवा. काही मिस्त्री तापलेल्या नटावर मेणबत्तीचा तुकडा टेकवतात. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि घासलेट जिथे पोचलं नाही तिथे पोचतं. देवासला चामुंडेच्या टेकडीच्या पायथ्याशी मेणबत्त्यांची काही कमी नाही.

या सगळ्यात एक युक्ती आहे जिच्याविषयी मिस्त्री आवाज खाली आणून बोलतात. नटावर पाना लावायचा, त्याचा दांडा चेसिसच्या आडाला भक्कम टेकवायचा, प्लगच्या वायरी काढायच्या आणि चावी फिरवून क्षणभर स्टार्टर द्यायचा. स्टार्टर शाफ्टला फिरवतो, नट जागेवर अडतो, आणि जे दोन माणसांना जमलं नाही ते बॅटरी एका ठणक्यात करते. दांडा सुटला तर मात्र कोणाची तरी नडगी. आणि गाडी नव्वदच्या दशकातली होंडा असेल तर उपाय अंगावर उलटतो, कारण तिचं इंजिन बहुतेक गाड्यांच्या उलट दिशेनं फिरतं. नट सुटायचा सोडून आणखी बसतो. ज्यानं हे एकदा पाहिलं आहे तो होंडाला हात लावण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारतो.

जोर कुठे थांबवायचा याचा धारमध्ये एक जुना दाखला पडलेला आहे, अगदी उघड्यावर. लाट मशिदीच्या आवारात. मशीद दिलावर खान घोरीनं १४०५ साली बांधली, आणि तिचं नाव ज्यावरून पडलं ती लाट म्हणजे एक लोखंडी स्तंभ. परंपरा तो राजा भोजाच्या काळाशी जोडते. आज तो तीन तुकड्यांत आडवा आहे. मोठा तुकडा २४ फूट ३ इंच, दुसरा ११ फूट ७ इंच, तिसरा ७ फूट ६ इंच, मिळून ४३ फुटांवर. वजन सुमारे सात टन. दिल्लीच्या मेहरौलीतला प्रसिद्ध लोहस्तंभ याच्या निम्म्याहून थोडाच उंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तुकडे धारमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी होते, नंतर ते एकत्र आणून चौथऱ्यावर ठेवले गेले.

तो मोडला कसा? जहांगीर बादशहा धारला आला होता तेव्हा त्यानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं की गुजरातच्या बहादूरशहानं स्तंभ गुजरातेत न्यायचा घाट घातला, खाली उतरवताना तो कोसळला आणि तुटला. जहांगीरनंही मग हुकूम दिला, मोठा तुकडा आग्र्याला नेऊन अकबराच्या कबरीच्या आवारात दिव्यासाठी उभा करावा. तो हुकूम काही तडीस गेला नाही, तुकडा धारमध्येच राहिला. त्या वेळी जमलेल्या माणसांत एखादा जाणता लोहार असेलच. ‘हुजूर, आज नाही’ म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं असेल का?

या स्तंभात एकही नट-बोल्ट नाही. लोखंडाचे लहान लहान गोळे तापवून, एकावर एक ठोकून, एकजीव करत तो घडवला आहे. अंगावर ठिकठिकाणी भोकं आहेत, आणि ती ठोकताना एवढं वजन फिरवण्यासाठी, पहारी अडकवायला ठेवली असावीत असा एक तर्क आहे. पुलीलाही अशी भोकं असतात. पुलर लावायचा तो पुलीच्या कडेला नाही, या भोकांत बोल्ट घालून मध्यभागाला. बिडाची कड पुलरच्या जबड्यात धरून ओढली की कानठळ्या बसवणारा आवाज होतो आणि पुलीचा तुकडा पोऱ्याच्या पायाशी येऊन पडतो. स्तंभ घडवणाऱ्यांना तो पुन्हा उघडायचा नव्हता, म्हणून तो मोडला तेव्हा जोडायची सोयही उरली नाही. मोटार घडवणाऱ्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं की कोणी तरी, कुठे तरी, हे सगळं पुन्हा सुटं करणार.

अर्थात सुटं होता होता तुटणं हे ठरलेलंच. पुलीचा नट निघाला तरी टायमिंग कव्हरच्या छोट्या बोल्टांपैकी एखाद्याचं माथं तुटून हातात येतं. मिस्त्री ते माथं तळहातावर घेऊन थोडा वेळ बघतो, शिवी देत नाही. उरलेल्या खुंटाच्या मधोमध पंच मारायचा, ड्रिलनं भोक पाडायचं आणि उलट्या आट्यांचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर त्यात फिरवायचा. तो जितका आत जाईल तितका खुंटाला बाहेर फिरवतो. फक्त हा एक्स्ट्रॅक्टर कडक पोलादाचा, ठिसूळ असतो. तो आत तुटला तर ड्रिलही त्याच्यापुढे हरतं. म्हणून बरेच जण सरळ वेल्डिंगवाल्याला हाक मारतात. खुंटावर एक जास्तीचा नट ठेवून आतून वेल्डिंग करायचं. नटाला धरायला जागा मिळते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं आतला गंज मोडतो तो वेगळाच. कित्येकदा तो खुंट नंतर बोटांनी फिरवून निघतो, आणि तेव्हा सगळ्यांना उगाचच फसवल्यासारखं वाटतं.

नव्या पुलीसाठी इंदूर. सियागंजातल्या नट-बोल्टांच्या आणि यंत्रसामानाच्या दुकानांत चौकशी करायची, जुन्या पार्ट्सवाल्यांकडे फोन फिरवायचे. मिळाली तर मिळाली. नाही तर लेथवाला आहे. बिडाचा तुकडा, मापं घेतलेली जुनी पुली आणि एक दुपार. देवास हे लेथवाल्यांचं गाव आहे. इथे गजरा गिअर्स आहे, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे, आणि अशा कारखान्यांत हात बसलेले टर्नर निवृत्त झाल्यावर गावातल्या वर्कशॉपांत दिसतात. पट्ट्याच्या खाचेचा कोन ते चक्क डोळ्यांनी पकडतात आणि मग मापपट्टीनं तपासतात, ग्राहकाच्या समाधानासाठी.

जोडणीला वेळ लागत नाही. नवं सील ऑइलमध्ये बुडवून दाबायचं, चावी खाचेत बसवायची, पुली थोपटत सरकवायची, वायसर नवा घ्यायचा कारण दुमडलेला कान दुसऱ्यांदा भरवशाचा नसतो. नटाच्या आट्यांना किंचित ग्रीस. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. टॉर्क मोजणारा पाना शेडमध्ये असतो पण खोक्यात. मिस्त्री स्वतःच्या खांद्यानं मोजतो. पट्टा चढवून, मध्यावर अंगठ्यानं दाबून, अर्धा इंच दबला की डोकं हलवतो.

आणि मग बिल. ते बहुधा पार्ट्सवाल्याच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर येतं. पुली, पट्टा, सील, ऑइल. त्याखाली मजुरी, आणि तो आकडा वरच्या सगळ्यांपेक्षा मोठा.

‘इतनी मजुरी किस बात की?’

‘नट खोलने की, साब.’

‘एक नट की?’

मिस्त्री पोऱ्याकडे बघतो. पोऱ्या वाकडा झालेला रिंग पाना आणि बोथट छन्नी आणून बाकावर ठेवतो, हे त्याला आधीच शिकवलेलं असणार. मालक छन्नी हातात घेऊन उलटसुलट करतो, विषय बदलतो आणि सांगतो की जुनी पुली मला घरी न्यायची आहे. मिस्त्री लगेच हात पुढे करतो. ती इथेच राहू द्या, तो म्हणतो, लेथवाल्याला नमुन्याला लागते, पुढच्या महिन्यात अशीच एक गाडी धारहून येणार आहे. मालक म्हणतो, पैसे मी दिले, पुली माझी. घर ले जाके क्या करोगे, असं मिस्त्री विचारतो. याला मालकाकडे खरं तर उत्तर नाही, पण पुली त्याच्या हातात आहे आणि मजुरीतून दोनशे कमी व्हावेत अशी त्याची इच्छा आहे.